प्रकल्प नोंदी: लंडनची वाट, लायडनची वाट

2 जून

आज वही उघडली. शाळेत इतिहास शिकवत होतो तेव्हा दरवर्षी एखादा मुलगा नाहीतर मुलगी विचारायचीच, "सर, पण त्यांना हे कळलं कसं?" वॉशिंग्टनने अमुक ठरवलं, जेफरसनने तमुक लिहिलं, एवढं पाठ्यपुस्तकात असतं. ठरवण्याआधी त्यांच्या टेबलावर काय येऊन पडलं होतं, ते कुठेच नसतं. निवृत्तीनंतर हा प्रश्न हाती घ्यायचा, हे मनात पक्कं होतं.

काम असं. साधारण 1775 ते 1815 या चाळीस वर्षांत अमेरिकेच्या राज्यकर्त्यांना युरोपची खबर कुठल्या वर्तमानपत्रातून आणि किती उशिरा मिळत होती, याचा तक्ता करायचा आणि त्यावरून मराठीत एक दीर्घ लेख लिहायचा. या मंडळींचा पत्रव्यवहार फाउंडर्स ऑनलाइन या संकेतस्थळावर टिपांसकट खुला आहे, त्यामुळे घरबसल्या बरंच जमेल. फ्रेंच मजकुरासाठी भाची आहे. ती म्हणाली, "मामा, रविवारचे दोन तास तुमचे."

रकाने चार: घटना, घडली ती तारीख, कळली ती तारीख, मधले दिवस.

पहिल्या दोन ओळी सोप्या म्हणून आधी भरल्या. 24 डिसेंबर 1814 ला गेंट इथे इंग्लंड-अमेरिका तहावर सह्या झाल्या. न्यूयॉर्कला ते कळलं 11 फेब्रुवारी 1815 ला. मधले दिवस 49. त्या 49 दिवसांतल्या पंधराव्या दिवशी, 8 जानेवारीला, तह झाल्याचं ठाऊक नसलेल्या याच दोन देशांच्या फौजांत न्यू ऑर्लिन्सची लढाई झाली. त्याआधी 1812 सालीही असंच. अमेरिकेचा व्यापार अडवणाऱ्या ज्या ब्रिटिश हुकुमांवरून भांडण पेटलं होतं ते लंडनने 23 जूनला मागे घेतले, आणि अमेरिकेने युद्ध जाहीर केलं होतं 18 जूनला. पाच दिवसांचं अंतर, मध्ये अख्खा अटलांटिक.

5 जून

उलट दिशेची एक ओळ आज सापडली. ती नोंदवायलाच हवी, कारण वर्तमानपत्राची ताकद या लोकांनी किती लवकर ओळखली होती ते तिच्यात दिसतं.

19 एप्रिल 1775 ला मॅसॅच्युसेट्समध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्डला ब्रिटिश सैनिक आणि वसाहतीतले लोक यांच्यात गोळीबार झाला. बोस्टनमधला ब्रिटिश सेनापती जनरल गेज याने आपला अहवाल 24 एप्रिलला 'सुकी' या जहाजाने लंडनला धाडला. मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने त्यानंतर चार-पाच दिवसांनी सेलमचा कॅप्टन जॉन डर्बी याला 'क्वेरो' या लहानशा गलबतातून रवाना केलं. माल काही नाही, नुसतं वजनासाठी भरलेलं नीरम. जोडीला साक्षीदारांच्या शपथेवरच्या जबान्या आणि सेलमच्या 'एसेक्स गॅझेट'चे अंक. हलकं गलबत वाऱ्यासारखं गेलं. डर्बी 28 मे रोजी लंडनमध्ये होता. गेजचा अहवाल पोचला त्यानंतर सुमारे 12 दिवसांनी. तोवर लंडनने पहिली गोळी कोणी झाडली याची अमेरिकी बाजू वाचलेली होती आणि सरकारच्या हातात उत्तर द्यायला कागद नव्हता.

तक्त्यात लिहिलं: मधले दिवस 39. लिहून झाल्यावर वाटलं, या आकड्यातून यातलं काहीच कळत नाही.

9 जून

इंग्रजी वर्तमानपत्रंच का, याचा आज दिवसभर माग काढला. कारणं अगदी साधी आहेत. भाषा एक. व्यापार लंडन-लिव्हरपूलशी. आणि टपाल. फाल्मथहून न्यूयॉर्कला महिन्याला एक ब्रिटिश टपालगलबत यायचं, ही सोय 1755 च्या सुमारास सुरू झालेली. युद्ध संपल्यावर फ्रान्सनेही न्यूयॉर्कपर्यंत टपालगलबतं सुरू केली, पण त्या पिशवीतून उतरणारी फ्रेंच वर्तमानपत्रं बंदरावरचा मुद्रक वाचणार कशी? तो लंडनचा अंक घ्यायचा, कात्री चालवायचा आणि उतारा जसाच्या तसा जुळाऱ्याकडे द्यायचा.

त्यावर 1792 च्या टपाल कायद्याची भर. या कायद्याने वर्तमानपत्राला 100 मैलांपर्यंत एक सेंट आणि पुढे दीड सेंट एवढाच दर ठेवला. पत्राला मात्र 6 सेंटपासून 25 सेंटपर्यंत. आणि मुद्रकांनी एकमेकांना पाठवायच्या अंकांना टपाल माफ. फार मोठं लोकोपयोगी काम होतं ते, गावोगावी छापखाने त्यावर जगले. पण न्यूयॉर्कच्या धक्क्यावर लंडनची एक खोटी ओळ उतरली, तर तीही त्याच फुकट टपालाने जॉर्जियापर्यंत जायची.

14 जून

काँग्रेसने युरोपला धाडलेला वकील जॉन ॲडम्स याच्या पत्रांत बुडालो आहे. फेब्रुवारी 1780 मध्ये तो दुसऱ्यांदा पॅरिसला आला. तहाच्या वाटाघाटी करायचा अधिकार खिशात, पण फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन म्हणाला, इतक्यात वाच्यता नको. मग हा माणूस काय करतो? बसतो आणि वर्तमानपत्रं वाचतो. जुलैअखेर हॉलंडकडे निघेपर्यंत त्याने काँग्रेसला नव्वदच्या वर पत्रं लिहिली. त्यांतली कितीतरी पत्रं म्हणजे लंडनच्या वर्तमानपत्रांचे उतारे: पार्लमेंटात कोण काय बोललं, आरमाराच्या किती नौका कुठे निघाल्या, आयर्लंडात काय चाललंय. फिलाडेल्फियात बसलेल्या काँग्रेसला युरोप दिसत होता तो या उताऱ्यांतून.

फ्रान्स इंग्लंडशी लढत होता, मग पॅरिसमध्ये त्याला लंडनचे अंक कुठून मिळाले? व्हर्सायच्या परराष्ट्र खात्यातल्या दुभाष्यांच्या कचेरीचा प्रमुख एदमे-जाक जने याच्याकडून. दोघांत चिठ्ठ्या आणि अंकांची सारखी देवघेव चालू होती. हाच जने 1776 ते 1779 या काळात 'अफेर द लांग्लतेर ए द लामेरिक' हे नियतकालिक चालवत होता. वरती ठिकाण अँटवर्प असं खोटंच छापलेलं, प्रत्यक्षात काम फ्रेंच सरकारच्या आशीर्वादाने. अमेरिकेचा पॅरिसमधला वकील बेंजामिन फ्रँकलिन त्याला मजकूर पुरवायचा, ॲडम्सही.

म्हणजे काँग्रेसने वाचलेली लंडनची बातमी व्हर्सायमार्गे आली होती, जनेच्या टेबलावरून. माझ्या चार रकान्यांत ही गोष्ट मावत नाही. पाचवा रकाना घातला: वाट.

15 जून

तक्त्यात 19 एप्रिल ही तारीख तीनदा दिसली. नक्कल करताना ओळ सरकली असेल म्हणून पुन्हा ताळा घेतला. चूक नाही. 19 एप्रिल 1775 लेक्सिंग्टन. 19 एप्रिल 1781 ही ॲडम्सने डच सरकारला दिलेल्या निवेदनावरची तारीख. 19 एप्रिल 1782 ला डच प्रजासत्ताकाने अमेरिकेला मान्यता दिली. तिन्ही तशाच ठेवल्या.

21 जून

जेफरसन 1784 मध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसला आला आणि युरोपात अमेरिकेची काय प्रतिमा आहे हे वाचून त्याला धक्काच बसला. लंडनची वर्तमानपत्रं लिहीत होती की अमेरिकेत बेबंदशाही आहे, काँग्रेसला कुणी विचारत नाही, लोक पुन्हा इंग्लंडच्या राजाकडे यायला टपले आहेत. पॅरिस, हॅम्बुर्ग, व्हिएन्ना, सगळे हेच उतरवून घ्यायचे.

1785 मध्ये फ्रँकलिन घरी निघाला. वाटेत अल्जियर्सच्या चाच्यांनी त्याला पकडल्याची खबर उठली आणि छापूनही आली. फ्रँकलिन तर 14 सप्टेंबरला फिलाडेल्फियात सुखरूप उतरला होता. पण खबर पूर्ण हवेतली नव्हती, म्हणूनच ती टिकली: त्या जुलैत अल्जियर्सवाल्यांनी 'मारिया' आणि 'डॉफिन' ही दोन अमेरिकी जहाजं खरोखर धरली होती, 21 माणसं कैदेत होती. खऱ्या दोन जहाजांना खोटा तिसरा जोडला की ओळखू येत नाही.

ऑक्टोबर 1785 मध्ये जेफरसनने होगेनडॉर्प नावाच्या डच गृहस्थाला लिहिलेलं पत्र आज दोनदा वाचलं. त्याचं म्हणणं असं की तह झाला तेव्हा सगळ्या युरोपात आमच्याबद्दल उत्साह होता, पण लंडनच्या रोजच्या पत्रांतून खोट्याचा जो लोंढा अखंड वाहिला त्याने तो गार केला. हे वाचताना त्याचा राग अंगावर येतो. व्यापाराच्या कर्जाला, तहाच्या कलमांना, सगळ्याला ही गारठ बाधत होती.

त्याने केलेला उपाय मात्र विचार करायला लावणारा. नोव्हेंबर 1784 मध्ये त्याने एक उत्तर लिहिलं, पण स्वतःच्या नावाने नाही. त्यात बोलणारा आहे अमेरिकेत लढून नुकताच मायदेशी परतलेला एक अधिकारी. "मी त्या देशासाठी लढलो, रक्त सांडलं, परत येऊन पाहतो तर युरोपची पत्रं तिथल्या अनागोंदीच्या वर्णनांनी भरलेली," असा सूर. मजकूर बहुतेक खरा, बोलणारं तोंड उसनं.

28 जून

आज माझ्याच तक्त्यात मोठी चूक सापडली.

ओळ अशी होती: 'बोस्टन इंडिपेंडंट क्रॉनिकल', पुरवणी, क्रमांक 705, 12 मार्च 1782. आल्बनीहून कॅप्टन गेरिश याचं पत्र. सेनेका या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी इंग्रजांच्या कॅनडातल्या गव्हर्नरासाठी पाठवलेली गाठोडी वाटेत हाती लागली, त्यांत माणसांच्या डोक्यांची सोललेली कातडी. गाठोड्यांचा तपशील क्रमवार: पहिल्यात काँग्रेसच्या सैनिकांची 43, पुढे शेतकऱ्यांची, बायकांची, मुलांची, मुलींची. आठव्यात तान्ह्या बाळांची 29. प्रत्येक कातडं कुठल्या रंगाच्या कड्यावर ताणलंय, आत कुठली खूण काढलीय, ते सगळं. वाचून दोन दिवस अस्वस्थ होतो. वाट या रकान्यात लिहिलं होतं: बोस्टन ते पॅरिस.

भाची म्हणाली, "मामा, ही पुरवणी कुठे छापलीय ते बघितलंत का?"

बोस्टनमध्ये नाही. पॅरिसजवळ पॅसीला, फ्रँकलिनच्या स्वतःच्या छापखान्यात, त्याच्याच हुकमाने जुळवलेली. गेरिशचं पत्र त्यानेच रचलेलं. पानाच्या पाठीवर अमेरिकी आरमारातला कप्तान जॉन पॉल जोन्स याच्या नावाने एक पत्र, तेही त्याचंच. दुसऱ्या आवृत्तीत तर जाहिराती घातल्या, चुकार घोड्याची, विकाऊ घराची, म्हणजे पान अस्सल दिसावं. जन्मभर छापखान्यात हात काळे केलेल्या माणसाला ठाऊक होतं की वाचकाचा विश्वास मजकुरावर बसायच्या आधी पानाच्या कडेच्या फालतू जाहिरातीवर बसतो. एप्रिलात त्याने ॲडम्सला प्रत पाठवली तेव्हा सोबत लिहिलं की कागदाच्या रूपाबद्दल शंका येईल, आशयाबद्दल नाही.

तहाच्या बोलण्यांत इंग्लंडला लाज वाटावी, नुकसानभरपाई निघावी, हा त्याचा हेतू. लंडनमध्ये त्यातला भाग छापूनही आला. फ्रँकलिनबद्दल मला मनापासून आदर आहे, पण या कागदाबद्दल नाही. सेनेका लोकांवर त्याने न घडलेल्या गोष्टीचा आळ घातला, आणि त्यांच्या हातात उत्तर छापायला छापखाना नव्हता. 1812 च्या युद्धाच्या काळात अमेरिकेतली पत्रं तीच यादी खरी म्हणून पुन्हा छापत होती. फ्रँकलिनला जाऊन वीसेक वर्षं झाली होती. कागद चालूच होता.

ओळ खोडली नाही. सहावा रकाना घातला: कोणाच्या तोंडून. आणि आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा तपासायला काढल्या.

6 जुलै

रविवार लायडनच्या वर्तमानपत्रात गेला. नाव लांबलचक, 'नूव्हेल एक्स्त्राऑर्दिनेर द दिव्हेर्स आंद्र्वा', म्हणजे ठिकठिकाणच्या विशेष वार्ता. लोक म्हणायचे लायडन गॅझेट. भाषा फ्रेंच, छापखाना डच गावात, मंगळवारी आणि शुक्रवारी अंक. 1772 पासून संपादक जाँ ल्युझाक, फ्रान्समधून धर्मछळामुळे बाहेर पडलेल्या प्रोटेस्टंट घराण्यातला.

पान मोठं करून पाहिलं. दोन स्तंभ, टाइप बारीक, चित्र नाही, आजच्यासारखे मथळे नाहीत. प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर गावाचं नाव आणि तारीख: व्हिएन्नाहून अमुक तारखेस, लंडनहून तमुक. जुना लांब 'एस' 'एफ'सारखा दिसतो, त्यामुळे भाची सुरुवातीला अडखळत होती. तासाभरात सरसर वाचायला लागली. मग एक गोष्ट तिच्याच ध्यानात आली. "हा स्वतः फार कमी बोलतो, मामा. त्यांचा जाहीरनामा त्यांच्या शब्दांत, यांचं उत्तर यांच्या शब्दांत. कागद अख्खा छापतो आणि गप्प बसतो."

राज्यकर्त्यांना हे पत्र का हवं असायचं ते या एका वाक्यात आलं. आपल्याकडे 'अखबार' हा शब्द छापील कागदाच्या आधीचा आहे. दरबारात काय घडलं त्याची तारीखवार हस्तलिखित नोंद, ती वकिलाने धन्याकडे धाडायची. पुणे दरबाराचे वकील दिल्लीत, हैदराबादेत बसून हेच करत होते. तिथे मतापेक्षा तारीख आणि जसाच्या तसा मजकूर मोलाचा. ल्युझाकचं पान त्या जातीचं आहे, फरक एवढाच की ते पैसे भरून कुणालाही मिळायचं.

ल्युझाक तटस्थ होता असं मात्र मी लिहिणार नाही. ॲडम्सशी त्याची मैत्री होती. ॲडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी 1781 मध्ये लायडनच्या विद्यापीठात शिकायला होता. डच मान्यतेसाठी लायडनच्या व्यापाऱ्यांनी केलेल्या अर्जामागे ल्युझाकची लेखणी होती. शिवाय पत्राचा मोठा वाचक फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रेंच सरकारला फार दुखवूनही चालायचं नाही. आणि अमेरिकेची पुष्कळशी बातमी या पानावरही "लंडनहून" याच शब्दाखाली येते. वाट बदलली तरी ती अधूनमधून जुन्याच गावातून जाते.

हे अंक अमेरिकेला पाठवायचं काम हेगला राहणारा शार्ल द्युमा वर्षानुवर्षं करत होता. हा मूळचा अमेरिकनही नव्हे, पण 1775 अखेर फ्रँकलिनने लिहिलेल्या पत्रापासून काँग्रेसच्या कामाला जुंपून घेतलेला. स्वतः ल्युझाकला बातम्या द्यायचा आणि ल्युझाकचं पत्र काँग्रेसला पाठवायचा. एका माणसाच्या दोन्ही हातांनी चाललेली टपालचौकी. याच्यावर कुणीतरी मराठीत स्वतंत्र लिहावं.

13 जुलै

जेफरसन 22 मार्च 1790 ला न्यूयॉर्कला परराष्ट्र खात्याच्या कामावर रुजू झाला. फ्रान्समध्ये क्रांती सुरू होती आणि अमेरिकेत तिची हकिकत पोचत होती लंडनच्या नजरेतून. त्याने ठरवलं, ही वाट मोडायची. जॉन फेनोच्या 'गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स'ला लायडनच्या अंकांतले उतारे इंग्रजीत करून पुरवायचे. एप्रिल 1790 पासून ते फेनोच्या पानावर दिसतात. उन्हाळ्यात आटतात. फेनो अर्थमंत्री हॅमिल्टनच्या, म्हणजे जेफरसनच्या विरोधकाच्या, बाजूला सरकत गेला.

माझ्या मते अख्ख्या तक्त्यातली ही सगळ्यांत धाडसी ओळ आहे. एका मंत्र्याला कळलं की आपल्या देशाचे डोळे परक्या राजधानीत आहेत, आणि त्याने कायदा केला नाही, बंदी घातली नाही, दुसरं वर्तमानपत्र आणून शेजारी ठेवलं. दोन्ही वाचा म्हणाला.

20 जुलै

फेनोनंतर फ्रेनो. नावं इतकी सारखी की देवनागरीत लिहिताना दर वेळी थांबून बघावं लागतं.

फिलिप फ्रेनो हा कवी. खात्यात भाषांतर करणारा कारकून जॉन पिंटार्ड याने राजधानी फिलाडेल्फियाला गेल्यावर सोबत जायला नकार दिला, जागा मोकळी झाली. जेफरसनने 1791 मध्ये ती फ्रेनोला देऊ केली. वर्षाला 250 डॉलर. (जेफरसनचा स्वतःचा पगार 3,500.) फ्रेंच जुजबी आलं तरी पुरे, आणि काम इतकं थोडं की दुसरा व्यवसाय सांभाळून होईल, असं त्याने पत्रातच लिहिलंय. दुसरा व्यवसाय म्हणजे 31 ऑक्टोबर 1791 ला सुरू झालेलं 'नॅशनल गॅझेट'. लायडनचे अंक आले की जेफरसन ते फ्रेनोकडे द्यायचा.

पण 'नॅशनल गॅझेट' नुसतं युरोपचं भाषांतर छापून थांबलं नाही. ते हॅमिल्टनवर तुटून पडलं, पुढे वॉशिंग्टनवरही. जुलै 1792 मध्ये हॅमिल्टनने टोपणनावाने फेनोच्या पत्रात विचारलं: या संपादकाला सरकारी पगार मिळतो तो भाषांतरासाठी की सरकारला शिव्या देण्यासाठी? 9 सप्टेंबर 1792 ला जेफरसनला वॉशिंग्टनपुढे लांबलचक खुलासा करावा लागला. त्यात लायडन गॅझेटचा उल्लेख आहे: फ्रेनोने त्यातला महत्त्वाचा मजकूर भाषांतरित करून छापायची इच्छा दाखवली, म्हणून मी अंक देत गेलो. हा खुलासा मला खरा वाटतो, आणि अपुराही. लायडनचे अंक देणं हा प्रामाणिक हेतू होता. पण टीका करणाऱ्या संपादकाला आपल्याच खात्यात चिकटवणं गैर होतं, आणि ते जेफरसनला कळत नव्हतं असं म्हणवत नाही. मे 1793 मध्ये वॉशिंग्टनने सुचवलं, या कारकुनाचं बघा. जेफरसनने आपल्या टिपणात लिहून ठेवलं की मी ते करणार नाही, याच्या पत्राने आपली राज्यघटना वाचवली.

ऑगस्टमध्ये मंत्र्यांच्या बैठकीत वॉशिंग्टनचा संयम सुटला. फ्रेनो त्याला रोज तीन-तीन प्रती पाठवत होता, जणू हा राष्ट्राध्यक्ष त्याचा वितरक आहे. 26 ऑक्टोबर 1793 ला पत्र बंद पडलं.

22 जुलै

फ्रेनोची जुनी कागदपत्रं चाळताना एकदम घरचं नाव दिसलं. एप्रिल 1782 मध्ये डेलावेअरच्या उपसागरात जोशुआ बार्नी या कप्तानाने 'जनरल मंक' हे इंग्रजांचं जहाज जिंकलं. बार्नीच्या जहाजाचं नाव 'हैदर अली'. फ्रेनोने त्या विजयावर कविता लिहिली.

पेनसिल्व्हेनियाच्या जहाजाला म्हैसूरच्या राज्यकर्त्याचं नाव? बातमी युरोपातून आलेल्या कागदांवरूनच तिथे पोचली असणार: हैदरने 1780 मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांची फौज बुडवली होती. त्याच सुमारास नाना फडणीसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका फळीत आणायचा घाट घातला होता. शत्रूचा शत्रू कोण, एवढं फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरच्या माणसाला वर्तमानपत्राने कळवलं होतं. आमच्या पुण्याच्या दरबाराचं नाव मात्र कुठल्या जहाजावर चढलं नाही. ही ओळ तक्त्यात बसत नाही, पण लेखात घेणार.

1 ऑगस्ट

1793 चा वसंत. हा भाग सावकाश केला.

21 जानेवारीला सोळाव्या लुईचा शिरच्छेद. 1 फेब्रुवारीला फ्रान्सने इंग्लंड आणि हॉलंडशी युद्ध पुकारलं. वॉशिंग्टन माउंट व्हर्ननला घरी. 5 एप्रिलला हॅमिल्टनने त्याला लिहिलं, 7 ला जेफरसनने. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. हॅमिल्टनच्या पत्रात हवाला न्यूयॉर्कला नुकत्याच आलेल्या ब्रिटिश टपालगलबताचा. जेफरसनच्या पत्रात लिस्बनहून आलेल्या वार्तेचा, आणि ती वार्ता आधीच्या एका खबरीशी ताडून बघितलेली: इंग्लंडने फ्रेंच वकिलाला लंडन सोडायला सांगितलं होतं, त्या अर्थी युद्ध जवळजवळ नक्की.

तीन दिवस या दोन ओळींकडे बघतोय. एकाला इंग्रजी गलबताने सांगितलं, दुसऱ्याला पोर्तुगालच्या वाटेने कळलं. यातून मोठा सिद्धांत काढणार नाही. त्या आठवड्यात ज्याला जे हाती लागलं ते त्याने लिहिलं असेल. पण सहावा रकाना नसता तर दोन्ही ओळी मी एकच म्हणून भरल्या असत्या.

वॉशिंग्टनने 12 एप्रिलला उत्तर दिलं, दुसऱ्या दिवशी निघाला, 17 ला फिलाडेल्फियात, 22 ला तटस्थतेची घोषणा. युद्ध पुकारल्यापासून त्याने पत्र लिहीपर्यंत 70 दिवस. कळल्यावर ठरवायला दहा. आणि त्या दहा दिवसांत फ्रान्सचा नवा वकील अमेरिकेत आधीच उतरलेला होता, 8 एप्रिलला, चार्ल्सटनला. त्याचं नाव एदमाँ-शार्ल जने. ॲडम्सला लंडनचे अंक पुरवणाऱ्या व्हर्सायच्या त्या दुभाष्याचा मुलगा. बाप 1781 मध्ये वारला. बापाने अमेरिकेला वर्तमानपत्रं दिली. मुलगा आला तो अमेरिकी बंदरांतून खाजगी लढाऊ जहाजं सज्ज करायला, आणि वॉशिंग्टनच्या तटस्थतेविरुद्ध थेट लोकांना हाक द्यायला निघाला. फ्रेनोचं पत्र त्याच्या बाजूने होतं.

भाचीला दोन्ही ओळींमध्ये एक बाण काढायला सांगितला, 1780 पासून 1793 पर्यंत. तक्ता आता भिंतीवर लावावा लागेल, टेबलावर मावत नाही.

9 ऑगस्ट

नवे दोन रकाने पहिल्या ओळींना लावायचे राहिले होते. आज ते भरून काम बंद केलं.

'क्वेरो'ची ओळ. वाट: सेलमहून थेट. कोणाच्या तोंडून: मॅसॅच्युसेट्सच्या.

1812 ची ओळ. हुकूम मागे घेतल्याची बातमी. वाट: लंडन. कोणाच्या तोंडून: इंग्लंडच्या.

मग 11 फेब्रुवारी 1815, गेंटचा तह. बातमी न्यूयॉर्कला आणली ती 'फेव्हरिट' या ब्रिटिश आरमाराच्या नौकेने. वाट: लंडन, पुन्हा. कोणाच्या तोंडून या रकान्यात इंग्लंड लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. त्या नौकेवर दोन माणसं होती. अँथनी बेकर हा इंग्लंडचा, तहाची प्रत घेऊन. हेन्री कॅरोल हा अमेरिकेचा, तीच प्रत घेऊन. रकान्यात लिहिलं: दोघांच्या. या तक्त्यात ती नोंद एकदाच आहे.